गाडीच्या ईसीयूवर घरी सोल्डरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं दुरुस्तीचं बेंच आहे. मूळ धंदा टॉवेलच्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचा. बाजूच्या गॅरेजवाल्यानं एकदा एका गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणून ठेवला, तो दुरुस्त झाला आणि तेव्हापासून गाड्यांचं कामही येत गेलं. मागोमाग पोरंही येऊ लागली. कुणी पॉलिटेक्निकची, कुणी गॅरेजात शिकणारी, कुणी वडिलांच्या जुन्या गाडीवर जीव असलेली. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि तो पुढे जागोजागी दिसेल. ईसीयूवर असंच काम करा, ज्यातून मागे फिरता येईल.

ईसीयूत सोल्डरिंग करून नेमकं काय बदलतं?

ईसीयू म्हणजे इंजिनाचा हिशेबनीस. हवा किती आत आली, पाणी किती गरम आहे, इंजिन किती फेऱ्यांवर आहे, हे त्याला सेन्सर सांगतात. मग तो एका तक्त्यात बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, ठिणगी किती अंश आधी टाकायची, ते ठरवतो. या तक्त्यांनाच सगळे मॅप म्हणतात. इंधन आणि ठिणगी दोन्हींचा हिशेब एकाच डब्यात ठेवणारी मोट्रॉनिक ही पद्धत बॉशनं १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आणली.

१९८० आणि ९० च्या दशकातल्या बऱ्याच ईसीयूंत हा मॅप एका वेगळ्या चिपमध्ये असायचा. चिप बदलली की मॅप बदलला. पण ती बोर्डाला सोल्डर केलेली असल्यामुळे आधी काढावी लागायची, म्हणून सोल्डरिंग. ‘चिप टाकणे’ हा शब्द तिथून आला आणि पद्धत बदलली तरी शब्द राहिला. आजच्या गाड्यांत मॅप फ्लॅश मेमरीत असतो आणि तो बहुतेक वेळा स्टिअरिंगखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधूनच वाचता-लिहिता येतो, सोल्डरिंगचं आयर्न गरमही करावं लागत नाही. त्यामुळे आज घरी सोल्डरिंगचं काम उरलं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, जुने चिपवाले ईसीयू. दुसरं, दुरुस्ती. माझ्या मते खरी विद्या दुसऱ्यात आहे.

मालक, चिप टाकली की पॉवर आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतं का?

टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात फरक हाताला जाणवेल न जाणवेल इतकाच पडतो. अशा इंजिनात येणारी हवा ठरलेली असते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं एका भागाला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्तीत जास्त ताकद साधारण साडेबारा ते तेरा भागांच्या आसपास मिळते आणि कंपनीनं गाडी त्याच्या जवळपासच लावलेली असते. राहिलं ते ठिणगी थोडी आधी टाकणं. तिथे पेट्रोलचा ऑक्टेन आडवा येतो. मर्यादा ओलांडली की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून आत ठोके बसतात, आणि ते बराच काळ चाललं तर पिस्टनची कडा जाते.

टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो, म्हणून तिथे ताकद खरोखर वाढते. पण तिच्याबरोबर क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवरचा ताणही वाढतो. ॲव्हरेजसाठी विचारत असाल तर आधी टायरची हवा, प्लग, एअर फिल्टर आणि थर्मोस्टॅट बघा. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल तर इंजिन थंडच राहतं आणि ईसीयू सतत जास्त पेट्रोल पाजत राहतो. अशा गाडीला कुठलीही चिप उपयोगाची नाही.

ऑनलाइन मिळणारी, सॉकेटमध्ये खोचायची पॉवर चिप घेऊ का?

नको. उघडलेल्या अशा डब्यांत एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि लुकलुकणारे दिवे निघतात, मॅपला ते हातही लावत नाहीत. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर जोडायची युक्तीही तसलीच. ईसीयूला हवा थंड आहे असं खोटं सांगायचं, म्हणजे तो पेट्रोल जास्त टाकतो. ऑक्सिजन सेन्सर थोड्या वेळात ते परत कमी करतो. तुमच्या हाती खर्च तेवढा राहतो.

माझ्या ईसीयूतली चिप बदलता येण्यासारखी आहे का, हे कसं ओळखायचं?

झाकण काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बोर्डावर २८ पायांची, दोन रांगांतली लांबट चिप दिसली आणि तिच्या पाठीवर स्टिकर असेल, तर ती बहुधा इप्रॉम, म्हणजे मॅप साठवणारी मेमरी चिप, आहे. २७सी२५६ म्हणजे ३२ किलोबाइट, २७सी५१२ म्हणजे ६४ किलोबाइट. काहींच्या स्टिकरखाली काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून स्टिकर उगाच सोलू नका.

चौकोनी, चारही बाजूंना बारीक पाय असलेला एकच मोठा प्रोसेसर दिसला आणि शेजारी मेमरी दिसली नाही, तर मॅप प्रोसेसरच्या आत आहे. तिथे घरच्या आयर्नचं काम नाही.

तिसरा प्रकार ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. झाकण उघडलं आणि आत पारदर्शक, जेलीसारखा सिलिकॉन दिसला, त्याखाली पांढरट सिरॅमिकची पाटी आणि केसासारख्या ॲल्युमिनियमच्या तारा, तर हात मागे घ्या. त्या तारा सोल्डर केलेल्या नसतात, मशीननं दाबून चिकटवलेल्या असतात. बोट लागलं तरी तुटतात. झाकण परत लावा आणि बाजूला ठेवा.

कायद्यानं हे चालतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. त्यात मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) वेगळं लागतं, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि लायसन्सवरही गदा येते. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर ती गेली, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला हातात आयतं कारण मिळतं.

बिघडलेला ईसीयू मूळ स्थितीत आणणं म्हणजे दुरुस्ती. मॅप बदलणं म्हणजे बदल. मी पहिलं काम करतो. दुसरं शिकायचं असेल तर रस्त्यावर न येणाऱ्या इंजिनावर, कॉलेजच्या स्पर्धेच्या गाडीवर शिका.

डिझेल गाडीचा ईजीआर किंवा डीपीएफ सॉफ्टवेअरमधून बंद करून मिळेल का?

नाही. ईजीआर धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवतो आणि डीपीएफ ही काजळी अडवणारी जाळी, दोन्ही धूर कमी करायलाच आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांत सोलापूरचं नाव आहे. सात रस्त्यावर सिग्नलला उभ्या राहिलेल्या रिक्षातल्या लेकराच्या तोंडावर तो काळा धूर जातो, आणि मला ते काम करायचं नाही. डीपीएफ वारंवार भरत असेल तर त्याला कारण असतं. गळका इंजेक्टर, बिघडलेला प्रेशर सेन्सर, नाहीतर गाडी रोज चार किलोमीटरच चालते म्हणून तो साफ व्हायला वेळच मिळत नाही. ते कारण शोधू या.

किलोमीटर मागे करून मागणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. पुढच्या माणसाची ती फसवणूक आहे.

सोल्डरिंग अजिबात येत नाही. सुरुवात कुठून करू?

भंगारातून. जुना टीव्ही, बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचं कार्ड, काहीही आणा. त्यातल्या २८ पायांच्या चिपा काढा आणि परत लावा. बोर्डावरचं एकही पॅड, म्हणजे पाय जिथे सोल्डर होतो ती तांब्याची टिकली, न उखडता सलग पाच चिपा निघाल्या की मगच ईसीयूचा विचार करा. मी माझ्याकडच्या पोरांना हेच सांगतो आणि यात सूट देत नाही.

त्यानंतर गाडीवरचं पहिलं काम म्हणून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घ्या. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले याच आजारासाठी प्रसिद्ध आहे. गाडी उन्हात उभी राहिली की चालू होत नाही, संध्याकाळी होते. आतले सोल्डरचे जोड तापून-थंड होऊन तडकलेले असतात. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा ‘ऊंऽऽ’ ऐकू यायला हवा, तो येत नसेल तर रिलेकडे संशय जातो. रिलेचं झाकण काढा, भिंगाखाली पायांच्या बुडाशी बघा. पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. तीच तड. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून धातू साफ करणारा पदार्थ) लावायचा, जुनं सोल्डर वितळवून ओढून घ्यायचं, नवं भरायचं. शिकायला याच्याइतकं चांगलं काम नाही, कारण चुकलं तरी नवा रिले मिळतो.

आयर्न कुठलं घ्यायचं, तापमान किती ठेवायचं?

तापमान ठरवता येणारं ५० ते ६० वॉटचं स्टेशन घ्या. २५ वॉटचं साधं आयर्न तारा जोडायला उत्तम आहे. पण ईसीयूच्या बोर्डात आत तांब्याचे थर असतात, अर्थिंगच्या पायाला ते आयर्न लावलं की सगळी उष्णता तो थर पिऊन टाकतो आणि सोल्डर वितळतच नाही. मग माणूस दाबतो. आणि दाबलं की पॅड निघतं.

सोल्डर वायर ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, मधली लगद्यासारखी अवस्था नसते, त्यामुळे जोड हलून बिघडण्याची भीती कमी. नव्या ईसीयूंत शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ते काढताना त्यावर आधी आपलं शिशाचं सोल्डर थोडं घालून मिसळा, मग सहज निघतं. आयर्न ३३० ते ३५० अंशांवर, टोक सुईसारखं नको, दोनेक मिलिमीटरचं चपटं हवं. चपट्या टोकातून उष्णता भराभर जाते. जोड दोन-तीन सेकंदांत झाला पाहिजे.

एक तपासणी आवर्जून करा. पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग जोडलेलंच नसतं. आयर्न गरम असताना त्याचं टोक आणि खरं अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून बघा. तीस-चाळीस व्होल्ट दिसले तर त्या आयर्ननं ईसीयूला शिवू नका.

आमच्याकडे कल्हईचा नवसागर आहे, डाग द्यायचं ॲसिडही आहे. फ्लक्स म्हणून चालेल?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात आपल्या घरचं ज्ञान आहे. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता चालवायचा, पितळेचं पातेलं लालसर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा. पांढरा धूर उठायचा आणि पातेलं चांदीसारखं उजळायचं. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटतं, ते धातूवरची गंजाची पापुद्री खातं आणि स्वच्छ धातूला कथील धरतं. फ्लक्सचं कामही तेच.

फरक पुढे आहे. पातेलं नंतर धुतलं जातं, घासलं जातं. बोर्डावर चिपच्या पायाखाली राहिलेला नवसागर कोण धुणार? तो हवेतली ओल ओढतो आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या हळूहळू खात जातो. दुरुस्त झालेला ईसीयू पहिल्या पावसाळ्यानंतर हिरवा होऊन परत येतो. पत्र्याच्या डाग द्यायच्या ॲसिडचंही तसंच. ईसीयूला फक्त राळेचा किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा नो-क्लीन फ्लक्स वापरा आणि काम झाल्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पुसून काढा.

सामान सोलापुरात मिळतं का?

आयर्न, सोल्डर वायर, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर, डिसोल्डरिंगची तांब्याची जाळी, मल्टिमीटर हे मिळतं. चिप खोचायचे चांगल्या प्रतीचे सॉकेट, इप्रॉम आणि १०५ अंशांचे कॅपॅसिटर हवे तसे मिळाले नाहीत तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला. चिपा स्वस्त मिळाल्या तर शंका घ्या. जुन्या बोर्डांवरून काढून, वरची छपाई बदलून विकलेल्या चिपा खूप येतात.

गाडीतून ईसीयू काढताना काय सांभाळायचं?

चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. रेडिओला कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा. कनेक्टर तारांना धरून ओढू नका, खटका दाबून सोडवा.

आपल्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना तडतड ऐकू येते. ती तडतड म्हणजे हजारो व्होल्ट, आणि चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतात. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, ज्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. बेंचवर अँटिस्टॅटिक मॅट टाका. घरात सहज हाताला येते म्हणून पोरं बोर्डाखाली चादर पसरतात, तसं करू नका. तिचे तंतू फ्लक्सला चिकटतात आणि भिंगाखाली सोल्डरचा पूल आहे की धागा, हेच कळत नाही.

उघडला. आता पहिलं काम काय?

फोटो. दोन्ही बाजूंचे, स्वच्छ उजेडात, चिपांवरचे नंबर वाचता येतील असे. कॅपॅसिटरची पट्टी कुठल्या बाजूला आहे तेही दिसलं पाहिजे.

दुसरं, बॅकअप. मूळ चिप प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात, वाचा, तीनदा वाचा, तिन्ही फाइली एकमेकींशी तंतोतंत जुळतात का ते तपासा. एकही बाइट वेगळा निघाला तर पाय खराब आहेत किंवा जोडणी सैल आहे, पुढे जाऊ नका. आठ पायांची छोटी ईईप्रॉम असेल, २४सी किंवा ९३सी किंवा ९५ मालिकेतली, तर तीही वाचून ठेवा. त्यात बऱ्याचदा इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, डेटा असतो. तो गेला तर ईसीयू ठणठणीत असूनही गाडी चावी ओळखत नाही. फाइल पेन ड्राइव्हवर आणि मेलवर, दोन ठिकाणी ठेवा. फाइलच्या नावात गाडीचा नंबर आणि तारीख घाला.

सॉकेट बसवायचं काम प्रत्यक्षात कसं असतं?

शिकायला सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत विकलेल्या १९९२ ते ९५ च्या होंडा सिव्हिकचं आहे, पी२८ हा ईसीयू. या बोर्डावर बाहेरच्या चिपसाठी जागा कारखान्यातूनच छापलेली आहे, फक्त रिकामी. तिथे २८ पायांचं सॉकेट, २० पायांची ७४एचसी३७३ ही लॅच चिप, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर आणि एक १ किलोओहमचा रेझिस्टर बसवतात. मग जे१ नावाच्या जागी तारेचा छोटा तुकडा जोडला की प्रोसेसर बाहेरची चिप वाचू लागतो. तो तुकडा कापला की ईसीयू पुन्हा मूळ मॅपवर. मागे फिरता येणारं काम म्हणतो ते हेच.

ऐकायला सोपं आहे. खरी मेहनत आहे छिद्रं मोकळी करण्यात. ती सगळी कारखान्यातल्या सोल्डरनं भरलेली असतात. सॉकेट आणि लॅच मिळून ४८ छिद्रं. प्रत्येकात आधी थोडं नवं सोल्डर घाला, मग एका बाजूनं आयर्न आणि दुसऱ्या बाजूनं सकर. सेहेचाळीस भराभर मोकळी होतात आणि अर्थिंगची एक-दोन हट्टानं बसून राहतात. तिथे जोर लावू नका. बोर्ड हॉट एअरनं शंभरेक अंशांपर्यंत हलका गरम करा, मग आयर्न लावा, लगेच सुटतं.

सॉकेट बसवताना खाच कुठल्या बाजूला आहे ते फोटोशी ताडा. आधी कोपऱ्यातले समोरासमोरचे दोन पाय सोल्डर करा, सॉकेट बोर्डाला सपाट टेकलंय का बघा, टेकलं नसेल तर ते दोन पाय गरम करून दाबा, मग बाकीचे. शेवटी मल्टिमीटरच्या ‘बीप’वर शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटले नाहीत ना, ते एकेक तपासा.

ज्या ईसीयूत चिप आधीपासून सोल्डर केलेली आहे, तिथेही काढल्यावर त्या जागी नवी चिप थेट सोल्डर करू नका. सॉकेट बसवा आणि मूळ चिपच परत त्यात लावून गाडी चालवून बघा. मूळ चिपवर गाडी नीट चालली तरच तुमचं सोल्डरिंग बरोबर आहे. ही पायरी गाळणारे पुढे आठवडाभर मॅपमध्ये चूक शोधत बसतात आणि चूक असते सातव्या पायाखाली.

पॅड उखडलं. आता?

थांबा, आयर्न खाली ठेवा. सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून असं झालं. एका शेतकऱ्याची गाडी होती, मोहोळकडची. घाईत, जास्त तापवलेल्या आयर्ननं मी एक पाय ओढला आणि पॅडसकट तांब्याची पट्टी उचलून आली. बोटभर नाही, तांदळाच्या दाण्याएवढीच. पण तेवढ्यानं गाडी बंद. त्यांची ऊसतोड चालू होती. मी त्यांना खरं सांगितलं, ते म्हणाले, ‘करा की नीट, मी बसतो इथं.’ आणि ते दुपारभर बाकावर बसून राहिले.

उपाय असा. पट्टी पुढे कुठे जाते ते भिंगाखाली आणि बीप लावून शोधायचं. वरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकानं दोन मिलिमीटर खरवडायचा, तांबं चमकलं की त्याला सोल्डर चढवायचं. मग ३० गेजची बारीक तार तिथून पायापर्यंत जोडायची आणि ती हलू नये म्हणून इपॉक्सीचा थेंब द्यायचा. तार जेवढी आखूड तेवढी चांगली. ती गाडी त्याच संध्याकाळी चालू होऊन गेली. मी मात्र त्यानंतर घाई असलेल्या दिवशी ईसीयू उघडलेला नाही.

गाडी तापली की बंद पडते, थंड झाली की चालू होते. ड्राय सोल्डर असेल का?

ड्राय सोल्डर म्हणजे तडकलेला किंवा कच्चा जोड. असू शकतं, पण ईसीयू शेवटी. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा माझ्याकडे असे ईसीयू रांगेनं येतात आणि त्यातले बरेच निर्दोष असतात. इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या क्रँक सेन्सरची आतली वेटोळी तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते, लक्षण अगदी हेच. आधी क्रँक सेन्सर, मग मेन रिले, मग पेट्रोल पंप, मग ईसीयूची अर्थिंगची तार जिथे बॉडीला बोल्टनं लागते ती जागा. ती जागा गंजलेली असेल तर घासून साफ करणं हाच इलाज.

हे सगळं ठीक असेल तर ईसीयू बेंचवर घ्या. १२ व्होल्ट द्या, पण करंट १ अँपिअरला मर्यादित ठेवून. हेअर ड्रायरनं एकेक भाग गरम करा, लाकडी काडीनं हलकेच टकटक करा. कनेक्टरचे पाय, मोठे ट्रान्झिस्टर आणि जड कॉइल यांच्या बुडाशी तडा जास्त सापडतात, कारण धक्के तिथेच बसतात. सरसकट सगळा बोर्ड पुन्हा सोल्डर करू नका. जिथे तड दिसते तेवढंच.

आतून माशासारखा वास येतो. कशाचा?

गळलेल्या कॅपॅसिटरचा. १९९० च्या आसपासच्या जपानी ईसीयूंत हा रोग फार दिसतो. आतला द्रव बाहेर येतो आणि खालच्या पट्ट्या खातो. कॅपॅसिटर काढा, जागा पूर्ण साफ करा, पट्ट्या शाबूत आहेत का तपासा, मगच नवा लावा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचाच. ॲल्युमिनियमच्या कॅपॅसिटरवर पट्टी असते ती निगेटिव्हची, टँटलमवर असते ती पॉझिटिव्हची. यात गफलत झाली तर टँटलम पेट घेतो.

सीएनजी किटच्या तारा इंजेक्टरच्या तारांना जोडायच्यात. सोल्डर करू की क्रिम्प?

बोर्डावर सोल्डर, वायरिंगमध्ये क्रिम्प, म्हणजे धातूच्या नळीत तारा घालून ती दाबून केलेला जोड. सोल्डर तारेच्या धाग्यांतून वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे तार कडक होते. इंजिनाच्या थरथरीनं ती नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाची क्रिम्प, चांगलं क्रिम्पिंग टूल आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. माझ्याकडे ‘ईसीयू गेला’ म्हणून येणाऱ्या गॅसच्या गाड्यांत पुष्कळदा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारा निघतात. टेपचा गोंद उन्हात वितळलेला असतो आणि आतलं तांबं हिरवं.

बॉडीला वेल्डिंग करताना ईसीयू काढावा का?

हो, काढाच. निदान बॅटरी आणि ईसीयूचा कनेक्टर तरी सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जागेजवळच लावा.

ई-२० पेट्रोलसाठी मॅप बदलावा का?

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल आपल्याच उसाचं, म्हणून हा प्रश्न इथे जिव्हाळ्यानं विचारला जातो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त हवं. ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीयू ही भर स्वतः घालतो. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूनं स्वतःहून कायम ठेवलेली इंधनाची भर-घट, बघा. ते दहा टक्क्यांच्या आत असेल तर मॅपला हात लावायची गरज नाही. पी०१७१ हा कोड, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय ही तक्रार, येत असेल तर आधी हवेची गळती, इंजेक्टर आणि फिल्टर बघा. जुन्या गाडीत मॅपपेक्षा रबरी नळ्या आणि सील यांची काळजी जास्त करा, त्या इथेनॉलनं फुगतात नाहीतर कडक होतात.

स्वतःचा ईसीयू बनवता येतो का?

येतो, आणि शिकायची हौस खरी असेल तर माझा सल्ला हाच. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा किट काढला, सुटे भाग घेऊन आपणच सोल्डर करायचा. आता आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा स्पीडुइनो आहे, त्याची सर्किटं आणि प्रोग्रॅम सगळ्यांना खुले आहेत. भंगारातलं एखादं जुनं इंजिन स्टँडवर चढवा आणि त्यावर चालवा. मॅपमधला एक आकडा बदलल्यावर इंजिनाचा आवाज कसा बदलतो, हे एकदा कानांनी ऐकलं की पुढचं सगळं समजायला लागतं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज किंवा पॉलिटेक्निकची चार पोरं मिळून हे सहज करू शकतात.

शिशाचा त्रास होतो का? घरात लहान मूल आहे.

सोल्डरच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, जो धूर दिसतो तो राळेचा. तोही दम्याला वाईट, म्हणून खिडकीजवळ बसा आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. स्वयंपाकघरात काम करू नका, वायर दातात धरू नका, बेंचवर चहाचा कप ठेवू नका. उठल्यावर साबणानं हात धुवून मगच लेकराला घ्या. सोल्डरचे कण झाडून न उडवता ओल्या फडक्यानं टिपा.

सगळं झालं. पहिल्यांदा चालू करताना?

बोर्डावरचं कोटिंग जिथे खरवडलं होतं तिथे नवं द्या, पूर्ण वाळू द्या, झाकणाची रबरी पट्टी नीट बसवा. ईसीयू लावताना बॅटरी सुटलेलीच हवी. कनेक्टर सरळ आत गेला पाहिजे, खटका ऐकू आला पाहिजे. मग बॅटरी जोडा आणि चावी फक्त ऑन करा, स्टार्ट नको. चेक इंजिनचा दिवा लागला का? पंप दोन सेकंद वाजून थांबला का? दोन्ही झालं तर स्टार्ट करा. दोन्हींपैकी एक जरी झालं नाही तर चावी बंद, निगेटिव्ह काढा आणि फ्यूजपासून बघायला लागा.

इंजिन सुरू झालं की लगेच फिरवायला नेऊ नका. फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत जागेवरच चालू ठेवा आणि हात ईसीयूच्या डब्यावर ठेवा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग एक फेरी होटगी रोडला, स्कॅनर लावून, शेजारी कुणाला तरी आकडे बघायला बसवून. परत आल्यावर इंजिन बंद करा, अर्धा तास तसंच गरम उभं राहू द्या आणि पुन्हा चालू करून बघा. कच्चा जोड असेल तर तो याच वेळी उघडा पडतो.